प्रेमिलाच्या छातीतला डाग

डाग हा शब्दच मेला नतद्रष्ट. कपड्यावर पडला तर साबणाने जाईल, पण फुफ्फुसावर पडला म्हटलं की इंदोऱ्याच्या वस्तीत त्याचा एकच अर्थ होता, टी.बी. अठ्ठ्याहत्तर साली प्रेमिलाच्या खोकल्यातून रक्त आलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने एक्स-रे उजेडाकडे धरून "डाग आहे" म्हटलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिची नखं निळसर का, लहानपणापासून नाकाचा घोळणा का फुटतो, हे कोणी विचारलंच नाही.

जया तेव्हा आठ महिन्यांची होती. प्रेमिलाने छातीवर दगड ठेवून तिला भिवापूरला बहीण गोपिकाकडे धाडलं आणि स्वतःची ताटवाटी स्वतःच्याच हाताने वेगळी केली. सासरे दादाजी त्या दिवशी जेवले नाहीत. छप्पन साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली ती कोणाचा पेला वेगळा राहू नये म्हणून, आणि आता तो घरातच वेगळा झाला होता.

"मीच ठेवला, मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली.

सुया झाल्या, गोळ्या झाल्या, डाग काही हटेना. दम मात्र वाढत गेला. प्रेमिला घरी शिवणकाम करायची. दर वर्षी जयाचा फ्रॉक शिवायची, तोही गोपिकाने दोऱ्याला गाठी मारून पाठवलेल्या मापावर. भिवापूरला गेलीच तर तोंडाला पदर लावून अंगणाच्या टोकाला बसायची. आई कसली, पाहुणीच ती.

नऊ वर्षांनी शहरात सी.टी. स्कॅनचं मशीन आलं. एका तरुण डॉक्टरला तिची नखं खटकली. त्याने शिरेत औषध सोडून छातीचे फोटो काढवले आणि तिला व नवऱ्याला, लहानूला, समोर बसवलं.

"हा टी.बी. नव्हताच. इथे धमनी आणि शीर आपसात जोडल्या गेल्यात, जन्मापासून. रक्त हवा न घेताच पुढे जातं. म्हणून हा दम."

"मंग माह्यापासून लेकराले लागलं असतं का?"

"छे! लागण्यासारखं काहीच नव्हतं."

लहानू ऑपरेशनचं विचारत राहिला. प्रेमिलाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. नऊ वर्षं फुकट गेली, एवढंच तिला कळलं आणि ती ढसाढसा रडली.

रविवारी पहिल्या बसने ती भिवापूरला पोचली. जया ओसरीत अभ्यास करत होती. प्रेमिला सरळ तिच्याजवळ गेली.

"ये वं जये, मले काहीच रोग नोहता," म्हणत तिने लेकीचा हात धरला.

जयाने घाबरून हात हिसडला आणि स्वयंपाकघरातल्या गोपिकाकडे तोंड करून ती ओरडली, "आई वं, पाह्य ना, मावशी मले शिवून राहिली!"