चष्म्यावरची काजळी

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे ‘पुरावा’ म्हणतात. धंदा चष्म्यांचा, नाद जुन्या डिझेल इंजिनांचा, आणि स्वभाव असा की बायकोने आमटीत मीठ घातलंय म्हटलं तरी हा चाखून बघणार. दुकानात गल्ल्यावर मी बसते, म्हणून हे सगळं मला भोगावं लागतं.

बाबा निवृत्त इंजिनड्रायव्हर. उमेदीची वर्षं त्यांनी एकाच डिझेल इंजिनावर काढली. आता गुडघे गेले आणि एकच इच्छा उरली. ते इंजिन कुठे शिल्लक असेल तर त्यात एकदा बसायचं. भंगारात गेलं असेल तर तसं तरी कळू दे, म्हणायचे, आणि भिंतीकडे बघत राहायचे. ते बघवत नसे.

तीन पुस्तकांत ते मोडीत निघाल्याचं छापलं होतं. मी म्हटलं, संपलं. पुरावा म्हणाला, तिघांनीही जी तारीख दिलीय त्या दिवशी बाबा ते चालवत होते. एकाने चूक केली, दोघांनी उतरवली, म्हणजे साक्षीदार एकच आणि तोही खोटा. इंटरनेटवर एका संग्रहालयातला फोटो सापडला, नंबरही तोच. चौकशीअंती तो नंबर भलत्याच इंजिनावर रंगवलेला निघाला. अभ्यासकांच्या दारात चपला झिजल्या, हाती काही लागलं नाही.

मग एके दिवशी कागद कारखान्यामागे राहणारी एक बाई चष्मा घेऊन दुकानात आली. काचांवर तेलकट काजळी, फडक्याने निघेना. बाई कावलेली होती. कारखान्याचं जुनाट इंजिन रोज डबे ओढतं, धूर ओकतं, वाळत घातलेले कपडे काळे होतात, आणि दाद कोणाकडे मागायची? पुराव्याने तिला स्वतःची खुर्ची दिली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

दुसऱ्याच दिवशी त्याने कारखान्यात परवानगी काढून इंजिनाची चौकट खरवडली. हिरव्या रंगाच्या थरांखाली लोखंडात ठोकलेला नंबर निघाला. सगळे आकडे जुळले, शेवटचा तेवढा गंजाने खाल्लेला. मी बाबांना सांगायला धावले तर याने हात धरला.

“ताई, एक शब्द बोलायचा नाही. साक्षीदाराला पढवलं की साक्ष वाया.”

म्हणून बाबांना नुसतंच फिरायला म्हणून नेलं. हिरवं इंजिन बघून त्यांना काही ओळख पटली नाही. तिथल्या ड्रायव्हरने आणि पुराव्याने धरून त्यांना वर चढवलं. आत भट्टीसारखं तापलेलं. मी खिडकी उघडायला सांगितली, तर ड्रायव्हर म्हणाला, आपण नोकरीला लागल्यापासून ती जाम आहे. बाबा सीटवर टेकले. बोलता बोलता, खिडकीकडे न बघताच, त्यांनी तिच्या खालच्या कोपऱ्यावर एक ठोसा हाणला आणि काच सरकवली. खिडकी उघडली.

“हिची खोड काही गेली नाही,” बाबा म्हणाले, आणि मग त्यांना कळलं की आपण कुठे बसलोय.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच फुटलं. ड्रायव्हरने भोंग्याकडे बोट दाखवलं. बाबांनी तो वाजवला, थांबले, पुन्हा वाजवला, आणि काही केल्या सोडेनात.

घरी येताना मी विचारलं, आता तरी पटलं ना? पुरावा नाक पुसत म्हणाला, पटलं, पण बाबा घरचे पडले, बाहेरचा एक साक्षीदार हवा. मी कपाळाला हात लावला.

सकाळी तीच बाई दुकानात हजर. काल कहर झाला म्हणाली. कोण तो म्हातारा भर दुपारी भोंगा वाजवत बसला होता, नातू झोपेतून उठला. वर म्हणाली, त्या इंजिनाची खिडकी मी जन्मात उघडी पाहिली नव्हती, काल तिच्यातून तो हात हलवत होता.

पुराव्याने तिचा चष्मा पुसला, स्वतःच्या हाताने तिला घातला आणि पैसे घेतले नाहीत.

“ते आमचे बाबा.”

बाईने चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाली, “आधी सांगायचं नाही का? मीही हात केला असता.”