आत्याने निवडलेलं कुत्रं

माझी आत्या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघते. नवख्या माणसाला हा उद्धटपणा वाटतो. माझा नवरा पहिल्यांदा तिला भेटायला आला तेव्हा बिचारा अर्धा तास आपले मोजे कुठे फाटलेत का ते चोरून तपासत होता. तो गेल्यावर आत्या म्हणाली, "मुलगा चांगला आहे. डाव्या गुडघ्याचं दुखणं तेवढं लपवतो." मी त्याला विचारलं, तर कॉलेजात खेळताना दुखावलेला तो गुडघा त्याने खरोखरच माझ्यापासून दोन वर्षं लपवून ठेवला होता. त्या दिवसापासून मी आत्याला थोडी घाबरूनच असते.

चौतीस वर्षं ती एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात जोडे बनवत होती. दुकानातला जोडा ज्यांच्या पायात जात नाही अशांचे जोडे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल अपघातात वाकडं झालेलं, कुणाची बोटंच गेलेली. आलेल्या माणसाला ती आधी कागदावर उभं करायची, पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारायची आणि मग त्याचे जुने जोडे उलटे करून तळ बघत बसायची. माणूस डॉक्टरशी खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, झिजलेला तळ बोलत नाही, असं तिचं म्हणणं. एकदा मी तिला डबा द्यायला गेले होते, तेव्हा एक बाई काठी टेकत आली. आत्याने तिच्या टाचेखाली एक पातळशी पाचर बसवली, कानशीने दोनदा घासली, परत बसवली. बाई उठली, चालली आणि काठी तिथेच विसरून गेली. लोक जादूचे प्रयोग बघायला तिकीट काढतात. मी ते जोडे चिकटवायच्या गोंदाच्या वासात उभं राहून फुकट बघितले आहेत.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, लिफ्टचे मेकॅनिक. वीस मजल्यांच्या पोकळीत लटकत आपण जेवण उरकायचो, असं ते सांगतात. त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं पुरेसं आहे. असा हा गडी निवृत्तीनंतर स्वतःच्या दारापुढच्या पायऱ्यांवरून पडला. किती पायऱ्या? तीन! उजव्या खुब्यात मोडलेलं हाड डॉक्टरांनी स्क्रू घालून जोडलं, ते जुळूनही आलं. पण आतोबा दाराबाहेर आले नाहीत ते नाहीतच. दहा महिने काठी टेकत पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून पलंगापर्यंत. विचारलं की म्हणायचे, "उजवीकडे काहीच नसल्यासारखं वाटतं गं. भिंत असली तर ठीक. बाहेर कुठली भिंत?"

शेवटी हाडांचे डॉक्टर घरी आले, पाय हलवून बघितला आणि रोखठोक बोलले. "हाडाचं काम संपलं. आता चालायचं काम तुमचं. आणखी दोन-तीन महिने असेच बसलात तर सगळं आखडून जाईल. मग मनात आलं तरी उठता येणार नाही, कायमची चाकाची खुर्ची." आतोबा हसून म्हणाले, "बघू." आत्या हसली नाही.

कुत्र्याची कल्पना माझी. श्रेय कुणी देत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. कुत्रं घरात आलं की त्याला फिरवायला न्यावंच लागतं, त्या निमित्ताने आतोबाही पाय मोकळे करतील, एवढा साधा विचार. मी म्हटलं, मोठ्या, भक्कम जातीचं पिल्लू आणू. वाढलं की आतोबांच्या उजव्या बाजूला भिंतच उभी! आतोबा लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की मला तिथेच शंका यायला हवी होती. त्यांनी माझ्याकडून मोठ्या जातीच्या कुत्र्यांवरचं एक जाडजूड पुस्तकही मागवून घेतलं आणि चष्मा पुसून पुसून वाचलं. मी खूश. दहा महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच कशात रस घेतला होता.

पिल्लं विकणाऱ्या गृहस्थांकडे आत्या आणि मी गेलो. पिल्लू दोन महिन्यांचं, पण पंजे बशीएवढे. ते धावत आलं, स्वतःच्याच पायात अडखळून पडलं आणि पडल्या पडल्या आत्याच्या जोड्यावर डोकं ठेवून झोपलं. मी विरघळलेच. "बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते हे, आत्या!" आत्याने पिशवीतून कागद काढला, झोपलेल्या पिल्लाचा पंजा त्यावर ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवली. गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी डोळ्यांनीच सांगितलं, चालू द्या.

"साठ किलोच्या पुढे जाईल हा," पंजाच्या वरची गाठ चाचपत आत्या म्हणाली. "पण हाडं कच्ची आहेत अजून. पायऱ्या चालतील का याला?"

"छे छे! पायऱ्या नाहीत, उड्या नाहीत," गृहस्थ म्हणाले. "फिरवायचंसुद्धा अगदी बेताचं. दीड वर्षाचा होईपर्यंत जपायचं, नाहीतर सांधे जातात. घरात खेळू दे, लोळू दे."

"हे पुस्तकात दिलेलं असतं का हो?"

"कुठल्याही पुस्तकात. पहिल्याच प्रकरणात."

आत्याने हळूच पाय काढून घेतला. पिल्लू जागं होऊ नये म्हणून तिने त्याला केवढा वेळ लावला! गाडीत बसल्यावर म्हणाली, "तुझे आतोबा आठवडाभर ते पुस्तक वाचतायत." तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते माझ्या डोक्यात शिरलं. पिल्लाला दीड वर्ष जपायचं, म्हणजे आतोबांनाही दीड वर्ष घरातच बसायचं, आणि डॉक्टरांना सांगायला कारण तयार. मला असा राग आला की मी गाडी चुकीच्या रस्त्याला घातली. आत्या शांत होती. "वाढ पूर्ण झालेलं कुत्रं कुठे मिळतं?" एवढंच तिने विचारलं.

बेवारस कुत्र्यांचं शेल्टर शहराबाहेर होतं. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळ्या आणि प्रत्येक जाळीला लटकलेलं एकेक तोंड. शेवटच्या जाळीतलं कुत्रं मात्र आमच्याकडे आलं नाही. मांडीपर्यंत येणारं, विटकरी रंगाचं ते कुत्रं मधोमध गोल फिरत होतं. डावीकडे, डावीकडे, परत डावीकडे.

"हे गेल्या आठवड्यात आलं," शेल्टरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वभावाने अगदी गरीब. पण डोक्यात काहीतरी बिघाड असावा. सारखं असंच फिरतं. तपासण्या केल्या, सापडत काही नाही."

"आत जाऊ?" आत्याने विचारलं आणि अडुसष्टाव्या वर्षी सरळ फरशीवर फतकल मारून बसली. कुत्रं तिच्याभोवती फिरायला लागलं. प्रत्येक फेरी आधीपेक्षा लहान. शेवटी ते तिच्या मांडीला टेकलं आणि थांबलं. तिने एकेक पंजा उचलून उलटा केला, जुने जोडे उलटे करायची तसा.

"डोकं ठीक आहे याचं," ती म्हणाली. "नखं बघा. उजवीकडची पार घासलेली, डावीकडची वाढून वळलेली. उजव्या पंजाची गादी बाहेरच्या कडेला दगडासारखी झालीय, डावी मऊ आहे. याच्या डाव्या अंगाला खांब होता. आखूड साखळी होती. पिल्लू असल्यापासून असणार, खांदाच तसा बसलाय. तीनेक वर्षं हे एवढ्याशा गोलात चाललंय."

डॉक्टरीणबाई बाजूला गेल्या. त्यांनी कुत्रं आणून देणाऱ्या माणसाला फोन लावला. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "एका बंद गोदामाच्या आवारात होतं. लोखंडी खांबाला. तीन वर्षं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यानेच," आत्या म्हणाली.

एका मुक्या जिवाची तीन वर्षं त्या चार पंजांवर लिहिलेली होती, आणि अख्ख्या शेडमध्ये वाचता येणारी एकटी ती होती. आजही ते आठवलं की मला वाटतं, आपण डोळे असून काय बघतो?

तरी परतताना मी भांडलेच. "आतोबांना सरळ चालवायचंय, आणि तू गोल फिरणारं कुत्रं नेतेयस?"

"पिल्लाला कुणीही नेईल. याला कोण नेणार? आणि याला सरळ करणं माझं कामच आहे," आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात तेव्हा जरा तोरा होता, हे मी नमूद करते.

आतोबांनी पिल्लाची वाट बघत दार उघडलं आणि बैठकीच्या मधोमध गरगर फिरणारं ते ध्यान बघून म्हणाले, "हे काय, भोवरा आणलास?" तेच नाव पडलं. भोवऱ्याला बाहेर न्यावं म्हटलं तर तो दारापर्यंत यायचा, डावीकडे वळायचा आणि परत खोलीत. उचलून अंगणात ठेवला तर तिथे गोल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. आत्याने आठवडाभर खपून त्याच्यासाठी चार जोडे शिवले. मऊ कातड्याचे, डाव्या जोडीला आतून पाचर. एका रविवारी सकाळी ते त्याच्या पायात चढवले. भोवरा पुतळ्यासारखा उभा राहिला. मग त्याने एक पाय उचलून झटकला, मग दुसरा, मग चारही एकदम झटकायला गेला आणि बुडावर बसला. आतोबा खो खो हसले. पडल्यापासून असं मनापासून पहिल्यांदाच.

आत्या मात्र त्याच्याजवळ खाली बसली आणि एकेक जोडा काढायला लागली. "नाही होत माझ्याच्यानं," ती म्हणाली. "याचंही नाही आणि तुमचंही नाही. जगाचे पाय सरळ केले, आणि घरात... दोन महिने उरलेत हो. मला भीती वाटते." आत्याला भीती वाटते हे मी आयुष्यात प्रथमच ऐकलं.

भोवरा परत फिरायला लागला होता, त्याच्याकडे आतोबा टक लावून बघत राहिले.

"लिफ्ट सरळ वर का जाते, माहीत आहे?" ते एकदम म्हणाले. "बाजूला रूळ असतात म्हणून. नुसती दोरावर सोडली तर तीही अशीच गरगरेल. याला वळवायला काय जाता? याला डाव्या अंगाला काहीतरी हवंय."

डाव्या हातात काठी घेऊन ते उठले. दोन पावलं पुढे येऊन भोवऱ्याच्या डाव्या बाजूला, अगदी चिकटून उभे राहिले. भोवऱ्याने सवयीने डावीकडे अंग टाकलं ते आतोबांच्या उजव्या पायावर. आणि तो थांबला.

"अगं," आतोबा हलकेच म्हणाले, "हे टेकतंय मला."

त्यांनी एक पाऊल टाकलं. भोवरा एक पाऊल सरळ चालला. तीन वर्षांतलं पहिलं सरळ पाऊल! दुसरं टाकलं, तेही सरळ. याला डावीकडे आधार हवा होता, त्यांना उजवीकडे. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. दारापाशी आतोबा थांबले. पायऱ्यांकडे बघून त्यांनी काठी पहिल्या पायरीवर टेकवून बघितली. आत्या पुढे झाली.

"तू येऊ नकोस," ते म्हणाले. "तू पायांकडे बघत बसशील, मग मला सुचायचं नाही. फाटकापर्यंत जाऊन येतो."

एक पायरी. थांबले. दुसरी. तिसरी. मग काठीची टकटक अंगणातून फाटकाकडे गेली, फाटक करकरलं आणि ते दोघं कुंपणाआड डावीकडे दिसेनासे झाले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. आम्ही फाटकाशी आलो तर डावीकडचा रस्ता कोपऱ्यापर्यंत रिकामा. मी कोपऱ्यापर्यंत धावले, तिथून बसथांब्यापर्यंत धावले, माणसांना विचारलं. कुणी बघितलं नव्हतं. परत आले तेव्हा आत्या फाटकाला धरून डावीकडे बघत उभी होती. ओठ पांढरे पडले होते. "मीच पाठवलं," ती म्हणाली. "पडले असतील कुठेतरी. मीच."

तेवढ्यात टकटक ऐकू आली. उजवीकडून.

आम्ही दोघी गर्रकन वळलो. रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून आतोबा येत होते. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, पावलं बोटभर, पण थांबत नव्हती. उजव्या मांडीला लागून भोवरा, नाकासमोर बघत.

"याला मागे फिरताच येईना," जवळ येऊन धापा टाकत ते म्हणाले. "कोपरा आला की हे आपलं डावीकडे. म्हटलं, वळ बाबा. चार वेळा डावीकडे वळलं की माणूस घरीच येतो की!"

आत्या रडत होती आणि ते लपवत नव्हती. तिने त्यांना धरायला हात पुढे केला, पण त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात भोवऱ्याच्या पाठीवर होता. मग तिने फाटक पूर्ण उघडलं आणि ती बाजूला सरकली, म्हणजे दोघांना एकदमच आत येता येईल.