चाबीवाल्या हेमराजचा चोर

हेमराज कुलूप पयले डोळ्यानं पाहत नव्हता, कानाशी नेत होता. दोन बोटात धरून हलवायचा अन् आतमंधल्या लोखंडी पत्त्या काय बोलते ते आयकायचा. मंग कोरी चाबी मेनबत्तीवर काळी करायची, कुलपात घालून जराशी फिरवायची, बाहेर काढून पाहायची. काजळ जिथी खरवडलं तिथी कानस मारायची. पुन्हा काळी, पुन्हा आत. आरमोरीच्या बाजारात कडुनिंबाखाली पत्र्याची पेटी घेऊन त्यानं पस्तीस वर्सं हेच केलं.

घरी बोलावलं तं त्याची एक अट राहे. "दोन शेजारी उभे करा, मंग हात लावतो." कोनी म्हने गॅसवर दूध आहे, कोनी म्हने बस सुटून राह्यली. हेमराज पेटीवर बसून राहे. दोन मानसं येऊन उभी राह्यली का मंगच कानस निघे.

ही अट उगाच नव्हती. तरनेपनी, धंदा नवाच होता तेव्हा, दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावी एक जन त्याले घेऊन गेला. माहं घर आहे म्हने, चाबी हरपली. हेमराजनं उघडून देल्लं. घर त्याचं नव्हतंच. तो सामान घेऊन पयाला अन् हेमराज दोन दिवस ठान्यात बसला. सुटून आला तं बाजारात कोनीतरी म्हनलं, "आला चोर." तेव्हापासून तो शब्द त्याच्या घरात कोनी काढत नव्हतं. मोठी बहीन आशाबाई तं दूध पेलेल्या मांजरीलेही तसं म्हने नाई.

आशाबाईची पोरगी दिव्यानी नागपूरवरून परत आली, घरूनच लॅपटॉपवर नोकरी करे. तिनं एक खेळ आनला. पट नाई, सोंगट्या नाई. एक जन गोष्ट सांगते, बाकीचे आपापला मानूस घेऊन त्या गोष्टीत चालते, अन् जिथी अडलं तिथी फासे टाकते. रविवारी दुपारी आशाबाईच्या घरापुढच्या सपरीत चटई टाकून बसत. एटापल्लीकडचा इसरू, इथी हॉस्टेलात सैपाक करे, तो लढवय्या झाला. मेडिकलच्या दुकानातली माधवी जादूगारीन झाली. एक जागा खाली होती, ती कोनी घे नाई.

हेमराज चहाले आला तं त्यानं वीस बाजूचा फासा उचलून उन्हात धरला.

"हे कोनं घासलं? सारे कोने सारखे आहेत."

"मशीनवर होते, मामा," दिव्यानी म्हनली. "बसा ना. आमाले कुलपं उघडनारा पायजे."

तिनं कागद समोर सरकवला. वर पेन्सिलीनं लिवलं होतं, चोर. लिवून झाल्यावर तिले आठोलं, अन् तिचा चेहरा उतरला. आतून आशाबाई कपबशी घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

हेमराज त्या शब्दाकडे पाहत राह्यला. मंग खालचं वाचलं.

"कुलूप उघडने, पंधरा टक्के. म्हनजे शंभर कुलपातले पंधराच?"

"हो मामा. खेळाच्या जुन्या पुस्तकात तसंच आहे. शिकला का वाढते."

"अन् जीव किती?"

"चार बाजूचा फासा टाका."

टाकला. दोन पडले.

"दोन म्हनजे? कुत्रं चावलं तं?"

"मेला," इसरू म्हनला.

हेमराज पोट धरून हासला. मंग म्हनला, "ज्यानं हे पुस्तक लिवलं त्यानं कधी कुलूप हातात घेतलं होतं काय? मले पाहूच दे. पन ते वरचं नाव पेन्सिलीतच राहू दे. हा मानूस नुसता घरफोड्याच निघाला, तं मी खोडन अन् उठून जाईन."

पयल्या रविवारी त्याचा मानूस एका भुयारात पेटीपुढं आला. दिव्यानी म्हनली, उघडता काय. हेमराज म्हनला, "मालक कोन? दोन शेजारी बोलवा."

"मामा, भुयार आहे हे," इसरू म्हनला. "इथी शेजारी म्हनजे हाडकं."

"हाडकं तं हाडकं. दोन आहेत ना? उभी करा."

माधवीच्या नाकातून चहा आला. शेवटी शंभरापर्यंतचे दोन फासे टाकले, बासष्ट पडले, पंधराच्या वर. नाई उघडलं.

"बरं, पुन्हा टाकतो."

"नाई टाकता येत. आता तुमचा मानूस शिकून पुढच्या पायरीवर जाईपर्यंत हे कुलूप उघडत नाई. नियम आहे."

"काऊन? कुलूप रुसते काय?"

तेवढ्यात वरून कोळी पडला अन् हेमराजचा मानूस मेला. दुसऱ्या रविवारी दुसरा मेला, तिसऱ्या रविवारी तिसरा. कागद मात्र तोच, खालचे आकडे खोडून नवे. इसरू म्हने, "मामा, तुमच्या मानसाले नाव नका ठेवू, नंबर ठेवा."

पन हेमराजच्या डोक्यात ते पंधरा टक्के रुतून बसले. बाजारात गिऱ्हाईक बोलून राहे अन् हा आपलाच विचार करे. कुलूप उघडत नाई असं कधी झालं? वेळ लागला, हात दुखला, कानस तुटली. पन उघडलं नाई असं एकही आठोलं नाई.

चौथ्या रविवारी त्यानं तीन जुनी कुलपं, तारा अन् हातघड्याळ आनलं. "आज फासे नाई. हे उघडा."

इसरूनं जोर लावून तार वाकवली. माधवीनं ओठ चावत चावत चाळीस मिनिटात सगळ्यात हलकं कुलूप उघडलं अन् अशी वरडली का शेजारची बाई भिंतीवरून पाहू लागली. हेमराजनं तेच कुलूप परत लावून दोन मिनिटात उघडलं.

"पाह्यलं? नव्या हातानंही उघडते. फरक वेळेचा आहे. तुहा फासा सांगते उघडलं का नाई. त्याले इचार, किती वेळ लागला."

दिव्यानीले पटलं, पन ती डोकं खाजवू लागली. "असं केलं तं चोर सगळ्यायच्या वर जाईन, मामा. काहीही उघडन. मंग इसरूभाऊ अन् माधवीनं काय करायचं?"

"मी कुऱ्हाडीनं फोडतो ना," इसरू म्हनला. "एका मिनिटात."

"फोड," हेमराज म्हनला. "अर्धा गाव जागा होईन, अन् कुलूप मेलं ते मेलं. उघडनं म्हनजे अर्धं काम, बापा. परत लागलं पायजे, तेव्हा पूर्न."

तरी दिव्यानीचा प्रश्न राह्यलाच. हेमराजनं कुलूप हातात फिरवलं. मंग त्यानं इसरूकडे पाह्यलं, माधवीकडे पाह्यलं.

"तुमी दोघं शेजारी," तो म्हनला.

"कोनाचे?"

"मी कुलपाशी बसलो का माहे कान आत, पाठ उघडी. मागून काय आलं ते मले दिसत नाई, आयकू येत नाई. दर दहा मिनिटाले तू फासा टाक पोरी, काही आलं का. आलं तं या दोघायनं पाहायचं. दोघं उभे नाई, तं माहा मानूस कुलपाले हातच लावनार नाई. झाली ना बरोबरी?"

दिव्यानीनं पेन उचललं अन् पुस्तकातला नियम खोडून हा लिवला. आशाबाई दारात उभी होती. ती अट तिनं पस्तीस वर्सं आयकली होती, पन त्या अटीचा असा उपयोग होईन असं तिले सपनातही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी एका जुन्या राजाच्या खजिन्याचं दार होतं. हेमराजनं फासे टाकले, खेळातली पन्नास मिनिटं लागनार होती. पाचदा काहीतरी येऊ शकत होतं. दोनदा आलंच. इसरूच्या लढवय्याचा हात तुटला, माधवीचे सारे मंत्र संपले. कोनी हाललं नाई. इसरू तं खराच चटईवरून उठून हेमराजच्या पाठीमागं उभा राह्यला, दोन हात पसरून. दार उघडलं. हेमराजच्या मानसानं दोघायले आत काय आहे ते आधी दाखवलं, मंगच आत पाय ठेवला. निंघताना दार परत लावलं.

"मामा," इसरू म्हनला, "आता तुमच्या मानसाले काय म्हनू?"

दारातली आशाबाई एक पाऊल पुढं आली.

हेमराजनं दिव्यानीच्या हातातून पेन घेतलं. पेन्सिलीच्या अक्षरावरून हळू हळू फिरवलं, एकही रेघ बाहेर जाऊ देल्ली नाई.

"चोर म्हन," तो म्हनला. "दोघं बाजूले उभे असले तं काहीही म्हन."

चोर आठव्या पायरीपर्यंत गेला. त्याच्या पुढं न्यायले हेमराज उरला नाई. यंदा आखाडात छातीत दुखलं, दवाखान्याची गाडी येईपर्यंत सारं संपलं.

तेरवी झाली अन् लक्षात आलं का त्याच्या पेटीले कुलूप आहे. अर्ध्या आरमोरीच्या चाब्या त्यानं बनवल्या, स्वतःच्या पेटीची कुठी ठेवली ते कोनाले मालूम नाई. एक नातेवाईक हातोडा घेऊन आला. आशाबाई पेटीवर बसली. "फोडायचं नाई," म्हनली.

दिव्यानीनं तार घेतली, तेव्हाच ती उठली. दिव्यानीनं पयले कान कुलपाशी नेला. मंग मागं वळून पाह्यलं. इसरू अन् माधवी आधीच येऊन उभे होते, एक डाव्या अंगाले, एक उजव्या. इसरूनं घड्याळ काढलं. आशाबाईनं तीनदा चहा मांडला, तिन्हीदा थंड झाला.

एक घंटा दहा मिनिटं लागली. आत कानसी होत्या, कोऱ्या चाब्या होत्या, मेनबत्तीचा तुकडा होता, अन् घडी केलेला तो कागद. आशाबाईनं घडी उकलली, वरचा शब्द वाचला, मोठ्यानं वाचला. मंग कागद जसा होता तसा ठेवला.

दिव्यानीनं झाकन लावलं, कुलूप दाबलं. लागलं. इसरूनं ओढून पाह्यलं.

"पक्कं लागलं," तो म्हनला.