जेटीवरचा पांढरा फवारा

ती दुपार मी आजही विसरलेलो नाही. पोलिसाच्या नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण खरी भीती मला मालवण किनाऱ्यावरच्या एका जेटीवर, लख्ख उन्हात भेटली.

पावसाळा सरून पर्यटकांच्या होड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. त्यातली एक समुद्रात असताना इंजिनापाशी पेटली. प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट होती, जवळच मच्छीमारांची होडी होती, म्हणून सगळे वाचले. मालक स्वतःच होडी चालवत होता. त्याचे दोन्ही हात भाजले. होडीत कोरड्या पावडरचे नवेकोरे अग्निशामक सिलिंडर होते. त्याने ते दाबले, तर चिमूटभर पावडर पडली आणि संपले.

अर्धवट जळलेली होडी ओढून आणल्यावर आम्ही पंचनामा केला. सिलिंडर हातात घेतले तर चांगले जड लागले. पावडर आत होती. दाब दाखवणारा काटा मात्र हिरव्यातून पार खाली लाल पट्ट्यात गेलेला. पावडर बाहेर ढकलणारा गॅसच उरला नव्हता.

ठाण्यात परततो तोच खबऱ्याचा फोन आला. मालकाचा चुलत भाऊही होडी चालवतो, जेटीवर होडी लावण्याच्या जागेवरून दोघांचे हाडवैर आहे, आणि आगीच्या आदल्या दिवशी तो त्या होडीत चढताना दिसला होता. एवढे पुरेसे होते. आम्ही त्याला चौकशीसाठी आणले. बातमी किनाऱ्यावर पसरली आणि ठाण्याच्या फाटकाशी माणसे जमू लागली.

खोटे बोलणारा माणूस पोलिसाच्या तोंडाकडे बघतो, आपले पटले की नाही ते चाचपतो. हा मात्र सारखा फाटकाकडे बघत होता. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. होडीत चढल्याचे त्याने लगेच कबूल केले.

"दोर अडाकललो, तो सोडूक चढलंय, साहेब. भांडाण आसा आमचा. पण त्या सिलिंडराक मी हात लावूक नाय. आता माका ह्या दर्यात कोण जावक देतलो?"

सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला असता तर तो आयुष्यातून उठला असता. मला एकच गोष्ट खटकत होती. गॅस सोडायचा तर सिलिंडर दाबावे लागते, आणि दाबले की पावडर उडते. भरल्या जेटीवर हे गुपचूप कसे जमेल? अटक लांबवून, त्याला ठाण्यातच बसवून मी दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन जेटीवर गेलो.

तिथे एका होडीची पूजा चालली होती. नारळ फुटला. एका वडीलधाऱ्याने देवाला गाऱ्हाणे घातले, सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हटले. लगेच त्या होडीच्या मालकाने सिलिंडरची पिन काढली आणि क्षणभर दाबले. पांढरा फवारा उडाला, पोरे ओरडली, टाळ्या पडल्या. त्याने पिन पुन्हा अडकवली आणि सिलिंडर जागेवर ठेवले. मी विचारले, हे काय?

"सगळेच करतत, साहेब. चलता काय नाय ता बघूक नको?"

मी तिथूनच अग्निशमन दलातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो ऐकूनच हादरला. एकदा दाबले की पावडरचे कण झडपेत अडकतात, झडप नीट मिटत नाही, आणि गॅस हळूहळू निघून जातो. असे सिलिंडर पुन्हा भरून घेईपर्यंत रिकामेच समजायचे.

मी समुद्राकडे पाहिले. माणसांनी भरलेल्या होड्या लांबवर दिसत होत्या, आणि कुणाच्याच सिलिंडरचा भरवसा नव्हता. होड्या परत बोलवायला आम्ही फोन लावत सुटलो; काही लागले, काही लागेनात. हवालदाराच्या मेहुण्याचे कुटुंब त्यातल्याच एका होडीत होते. तो जेटीच्या टोकाशी जाऊन परतणारी एकेक होडी मोजत होता. शेवटची होडी टेकेपर्यंत मी जेटीवरून हललो नाही. सिलिंडरे तपासली. बहुतेकांचे काटे लाल पट्ट्यात होते.

त्या अधिकाऱ्याने मग जेटीवर येऊन सगळ्यांना शिकवले. काटा रोज बघा, दाबून बघू नका. दमट हवेत पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून सिलिंडर अधूनमधून उलटेपालटे करा. आग लागली तर वारा पाठीवर घ्या, निसटायची वाट मागे ठेवा, सिलिंडर उभे धरा आणि ज्वाळेवर नव्हे, तिच्या बुडाशी झाडू मारल्यासारखा फवारा मारा. कोंदट जागेत ही पावडर डोळे आणि श्वास दोन्ही बंद करते. आग विझली तरी पाठ फिरवू नका. पावडर गारवा देत नाही, तापलेले इंजिन पुन्हा पेटते.

चुलत भावाला मी सोडून दिले. फाटकाशी जमलेल्यांना कारणही मीच सांगितले. मग जबाब पुरा करायला इस्पितळात गेलो. तुझ्या होडीच्या पूजेच्या दिवशी सिलिंडर कोणी दाबले, असे मालकाला विचारले.

"मीयाच दाबलंय, साहेब. सगळ्यांनी टाळये मारल्यानी."

वैरी शोधणे आम्हा पोलिसांना सोपे वाटते, कारण वैऱ्याला बेड्या घालता येतात. हौसेने, भक्तीने केलेल्या चुकीपुढे काय करायचे, ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवले नव्हते. मी तो जबाब लिहून घेतला. दोन्ही हातांना पट्ट्या असल्यामुळे त्याला सही करता येईना, खाताही येत नव्हते. मी बाहेर पडत असताना चुलत भाऊ पेजेचा डबा घेऊन आत आला. तो खाटेवर बसला आणि त्याला भरवू लागला.