शाल मिळाली, माईक नाही

डोकं फिरलंय, म्हणून घरी पोचल्या पोचल्या लिहितेय.

आज दादरला आमच्या सामाजिक न्यायाच्या जाहीरनाम्याचं प्रकाशन होतं. चळवळीतल्या ज्येष्ठांनी आणि आम्ही पोरांनी मिळून लिहिलाय तो. पहिलंच कलम आहे: ज्यांचा प्रश्न, त्यांनी आधी बोलायचं. म्हणूनच तो वाचायला वरळीच्या चाळीतल्या सुनंदामावशींना बोलावलं होतं. आयुष्यभर मोर्च्यात चालल्या, पण माईक कधी हातात आला नव्हता. रोज घरी मोठ्याने वाचून सराव करत होत्या.

पण आधी सत्कार! मंचावरच्या प्रत्येकाला शाल, नारळ आणि मग त्यांचे 'दोनच शब्द'. सूत्रसंचालन आमच्या निखिलकडे होतं. मी त्याला म्हटलं, "अरे, आवर ना!"

"ज्येष्ठ आहेत गं. कसं थांबवू?"

"मग मावशी काय कॉलेजात आहेत?"

शेवटी हॉलवाला येऊन उभा राहिला. पुढे कुणाचा तरी साखरपुडा होता. सगळ्यांनी घाईघाईत जाहीरनामा हातात धरून फोटो काढला. झालं प्रकाशन! वाचला कुणीच नाही.

शाल मावशींनाही मिळाली. जिना उतरताना त्यांनी ती माझ्या हातात दिली. "ठेव तुलाच. मी बोलायला आले होते गं."

यावर तुम्ही काय उत्तर दिलं असतं?