राहीबाईची संमती

अनुपमा माझी मावसबहीण. तेव्हा मी निःपक्षपातीपणे लिहीन, अशी आशा कुणी धरू नये.

तिचा धंदा सल्ल्याचा. सोलरवाल्या आणि पवनचक्कीवाल्या कंपन्यांना जमीन कुठे घ्यावी, ती कशी राखावी, झरे नि गुरचरण कसं वाचवावं, हे ती सांगते. सुरुवात केली ती अलिबागेकडच्या बेटांवर. बेटावरचा नाराज माणूस जाणार कुठे? म्हणून एकही घर विरोधात असेल तर तिथे खांब रोवायचा नाही, हा तिचा नियम. कंपन्या तो पाळतात, कारण तिचं न ऐकून काहींचे हात पोळलेत.

गेल्या वर्षी तिचा सल्ला घेणाऱ्या एका कंपनीला पोलादपूरच्या वरचा, तिच्या आईच्या, म्हणजे राहीमावशीच्या वाडीचा माळ आवडला. याच वाडीने अनूच्या वडिलांना, हैबतीकाकांना, वाळीत टाकलं होतं. बांधाचं भांडण त्यांनी गावकीपुढे न नेता पोलिसांत नेलं, एवढाच गुन्हा. काका वारले तेव्हा खांदा द्यायला वाडीतला एक पुरुष आला नाही. आम्ही महाडहून पोचलो तेव्हा कुठे तिरडी उचलली गेली. पुढे मडकं धरून चालली ती अनू, एवढीशी पोर. मी ते विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

गावकीचा म्होरक्या गोमाजी. देवळात बैठक भरली, अनूबरोबर मीही गेलो होतो, तेव्हा त्याच्या जिभेवर साखर होती. रस्ता येणार, माळाचं भाडं येणार, मुंबईची पोरं घरी परतणार, सगळं त्याला दिसत होतं.

"अख्ख्या वाडीची संमती हाय गो बाय. एक घर सुटलेलं नाय."

"माझ्या आईला कुणी विचारलं?" अनू म्हणाली.

कुणी लबाडी केली नव्हती. ते घर धरायचंच नाही, ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की त्यांना ते आठवलंच नाही. खोटं बोलले असते तर मला कमी राग आला असता.

मग गोमाजी जाणत्यांना बरोबर नि नारळ हातात घेऊन मावशीच्या अंगणात गेला. मावशीने पाण्याचा तांब्या पुढे केला. वाळीत टाकलेल्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा गावकीचाच कायदा. गोमाजीने एकदा अनूकडे पाहिलं आणि तो प्याला. मागोमाग सगळे प्याले. मला फार बरं वाटलं.

"वयनी, झालं गेलं पोटात घाल. सही दे."

मावशी म्हणाली, "अनूच्या बापाला खांदा द्यायला वाडीत मानूस नव्हता. आज सही द्यायला बी नाय."

गोमाजी अनूकडे वळला. "आयला समजाव गो."

अनूने समजावलं असतं तर मावशीने ऐकलं असतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

"मी कंपन्यांना सल्ला देते, काका. आईला नाही."

त्याच दिवशी तिने कंपनीला कळवलं, हा माळ सोडा. सोलर आता पलीकडच्या वाडीच्या माळावर बसलाय आणि रस्ताही तिकडेच गेलाय. पोरीने गावाचं वाटोळं केलं, असं गोमाजी भेटेल त्याला सांगतो. मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हो, केलं.