दयेचा तास आणि जिन्याखालची कुत्री

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत दर रविवारी क्लबहाउसमध्ये मुलांचा मराठी वर्ग भरतो. मुलांना मराठी यावं हे सांगायचं कारण. दोन तास ती घरात नसावीत हे खरं. त्या रविवारी वाचनाचा विषय होता ‘प्राण्यांवर दया’, आणि वाचायला उभा कोण? मी! सोसायटीचा सेक्रेटरी. सरकारी टिपणं लिहून लिहून ज्याच्या काळजालाही फायलीचा वास येतो, तो.

दोनच दिवसांपूर्वी मी पालिकेला खास सरकारी हिंदीत अर्ज धाडला होता: जिन्याखाली व्यालेली कुत्री पिल्लांसकट उचलून न्यावी, रहिवाशांच्या भावना तीव्र आहेत. तीव्र भावना म्हणजे व्हॉट्सॲपवर तिघांनी टाकलेले लाल चेहरे. गाडी सोमवारी सकाळी यायची होती.

आणि मी निर्लज्ज, लंगड्या कुत्र्याला दूध पाजणाऱ्या मुलीची गोष्ट वाचत होतो. आवाजात कंपसुद्धा आणला. दारातले पालक व्हिडिओ काढत होते. कुत्रीला पोळी घालतो म्हणून गार्डला हाकला म्हणणाऱ्या, त्यांच्यातल्याच एका बाईंनी तर डोळे पुसले.

गोष्टीनंतर कृती: तुम्ही मदत केलेल्या प्राण्याचं चित्र काढा. अकरा मुलं, अकरा कागद, सगळ्यांवर तीच तपकिरी कुत्री. कुणी तिला पोतं अंथरलं होतं, कुणी डब्यातला पराठा दिला होता.

माझी लेक उठली. जेवताना मी फोनवर मारलेल्या बढाया तिने ऐकल्या होत्या.

“बाबा, उद्या तिला न्यायला गाडी येणार ना? तुम्हीच बोलावलीय.”

मी पुस्तक मिटलं.

“अगं, त्याची एक प्रोसेस असते, बेटा.”

“काका, पिल्लांचे डोळेपण नाही उघडले अजून,” समोरची चिमुरडी म्हणाली.

मागून आवाज आला, “यार, फिर ये स्टोरी पढ़ी क्यों?”

मी एक कोरा कागद ओढला आणि लिहिलं: ‘आवेदन फिलहाल स्थगित किया जाए.’ लेक खांद्यावरून वाचत होती.

“फिलहाल? म्हणजे नंतर परत बोलावणार?”

“अगं, तसं लिहायची पद्धत असते.”

“खोडा ते.”

खोडलं. ‘स्थगित’ही खोडायला लावलं, ‘वापस’ लिहून घेतलं. सही केली, फोटो काढून तिथूनच पालिकेच्या माणसाला पाठवला, वर फोनही केला. “ठीक है, गाड़ी नहीं आएगी,” तो म्हणाला.

दारातल्या एकाही मोबाइलने हे टिपलं नाही. मघाशी डोळे पुसणाऱ्या बाई तेवढ्या पुटपुटल्या, “ग्रुपवर बोलू.”